खांदा दुखतोय? आधी दुखतंय काय, ते ओळखा

चाळीसगावच्या बाजूला खांद्याचं गाऱ्हाणं बहुतेक वेळा एकाच वाक्यात येतं: ‘मना खांदा दुखी ऱ्हायना, हात वर व्हत नही.’ एवढं ऐकलं की समोरचा माणूस निदान करून मोकळा होतो, वात आहे. मग कोणी तेल लावून खांदा रगडून देतं, कोणी बाजारातून पुडी आणून देतं, कोणी एक सुई टोचून घ्यायचा सल्ला देतं. यातलं काही कधीतरी लागू पडतं, बरंचसं वाया जातं आणि काही खरोखर नुकसान करतं. खांदा दुखण्याची कारणं अनेक आहेत आणि त्यांचे उपचार एकमेकांशी जुळत नाहीत. खांद्याचा संधिवात हे त्यातलं एक कारण. ते आहे की नाही, हे ठरल्याशिवाय त्यावर पैसा आणि महिने घालवू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

गुडघ्याच्या झिजेची माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. खांद्याचं तसं नाही. गुडघ्यावर सगळं अंग तोललेलं असतं, खांद्यावर ते नसतं. त्यामुळे केवळ वयानं झिजलेला खांदा गुडघ्याच्या आणि खुब्याच्या मानानं कमी आढळतो. दंडाच्या हाडाचं गोल डोकं फऱ्याच्या हाडातल्या अगदी उथळ खाचेला टेकलेलं असतं, बशीत टेकवलेल्या लिंबासारखं. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. लिंबू बशीतून घरंगळू नये हे काम चार स्नायूंच्या शिरांचा एक पट्टा करतो, डॉक्टर त्याला रोटेटर कफ म्हणतात. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत कूर्चेचं आवरण झिजलं किंवा आजारानं खाल्लं गेलं, की तो खांद्याचा संधिवात. कूर्चा धड असेल आणि शिरांचा पट्टा फाटला असेल, तर ते दुखणं वेगळं. सांध्याभोवतीची पिशवीच आखडली, तर ते तिसरं, त्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. रुग्णाला तिन्हींत सारखंच वाटतं: हात वर जात नाही आणि रात्री झोप लागत नाही.

फरक ओळखायला घरीच एक साधी तपासणी करता येते. खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवा आणि कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. दुखरा हात चांगल्या हाताइतका उघडतो का, ते पाहा. मग हात सैल सोडून घरातल्या कोणाला तरी तो हळूहळू, अजिबात जोर न लावता, तसाच बाहेर न्यायला सांगा. नंतर तसंच हात समोरून वर नेऊन पाहा. तुम्हाला स्वतःला हात नेता येत नाही, पण दुसऱ्यानं नेला तर बराच जातो, असं असेल तर संशय फाटलेल्या शिरांवर जातो. दोघांनाही नेता येत नसेल, तर सांधाच आखडला आहे. आता प्रश्न उरतो झीज की फ्रोझन शोल्डर, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एक्स-रे देतो. फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे सहसा नॉर्मल दिसतो. झिजेत दोन हाडांमधली जागा कमी झालेली असते आणि दंडाच्या डोक्याच्या खालच्या कडेला हाड वाढलेलं असतं.

हा फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे, कारण मधुमेह आता गावोगावी पोचला आहे आणि मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. चाळीस ते साठ वयाच्या, विशेषतः बायकांच्या बाबतीत, काही आठवड्यांत खांदा दुखून आखडला तर आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्या. कित्येकांना आपला मधुमेह खांद्यामुळेच कळतो. फ्रोझन शोल्डरला एक ते तीन वर्षं लागतात, पण तो बहुतांशी सुटतो. झिजलेली कूर्चा परत येत नाही. म्हणून ‘माझ्या काकूचा आपोआप बरा झाला’ हा दाखला तुमच्या खांद्याला लागू पडेलच असं नाही.

संधिवाताची चाल अशी असते. दुखणं महिन्यांनी, वर्षांनी हळूहळू वाढतं. ते खोल आत आणि पुष्कळदा मागच्या बाजूला जाणवतं. हात फिरवताना करकर होते. आंघोळीत पाठ घासणं, वेणी घालणं, सदऱ्याची बाही चढवणं एकेक करून अवघड होत जातं आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. साठीनंतर असं झालं तर बहुधा झीजच असते. त्याआधी झालं तर कारण शोधायला हवं. वीस वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून खांदा निखळला होता किंवा मोडला होता, तर तोच सांधा पुढे लवकर झिजतो. शिरांचा पट्टा फाटून वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर दंडाचं डोकं वर सरकतं आणि झीज सुरू होते. दोन्ही खांदे, मनगटं, बोटांचे लहान सांधे एकदम सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकत असेल, तर तो आमवात म्हणजे रुमॅटॉइड असू शकतो. त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. त्यातल्या मेथोट्रेक्सेट या गोळीबद्दल एक इशारा: ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर वार लिहून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा.

खानदेशात आणखी दोन कारणं विसरून चालणार नाही. पहिलं सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत, नंदुरबार-धुळे भागात आणि जळगावच्या यावल-चोपडा पट्ट्यात भिल्ल, पावरा कुटुंबांमध्ये हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो, आणि कामधंद्यानिमित्त ही कुटुंबं सगळ्या खानदेशात आहेत. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो. खुब्यानंतर याचा फटका दंडाच्या डोक्याला बसतो. पंचविशीतला पोरगा खांदा किंवा खुबा धरून बसत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, तिथे एमआरआय लागतो. सिकलसेलची पहिली रक्तचाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रक्तपुरवठा असाच तुटण्यामागे दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड आणि दारू हीसुद्धा कारणं असतात.

दुसरं कारण क्षयरोग. फुप्फुसाचा क्षय सगळ्यांना ठाऊक आहे, सांध्याचा कोणाच्या मनातही येत नाही. खांद्याचा क्षय तर बऱ्याचदा कोरडा असतो, सूज दिसतच नाही. दंड बारीक होत जातो, खांदा आखडतो, संध्याकाळी कणकण वाटते, वजन उतरतं. अशा खांद्यात वात समजून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर आजाराला मोकळं रान मिळतं. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि वेळेत सुरू झाली तर सांधा पुष्कळ प्रमाणात वाचतो. जगातला पहिला कृत्रिम खांदा क्षयानंच खाल्लेल्या सांध्यात बसवला गेला होता. १८९३ साली पॅरिसमध्ये झ्यूल पेआँ या शल्यविशारदानं प्लॅटिनम आणि रबराचा सांधा एका पाव भाजणाऱ्या माणसाला बसवला. पुढे दोनेक वर्षांनी जंतुसंसर्गामुळे तो काढावा लागला. क्षयावर औषधच नव्हतं, त्या काळाची ही गोष्ट. आज औषध आहे आणि तेही फुकट आहे, तरी निदानाला उशीर होतो, याचं वाईट वाटतं.

काही दुखण्यांत थांबायचंच नसतं. डावा खांदा आणि हात दुखतोय, छातीवर दाब आहे, दरदरून घाम सुटलाय, तर तो हृदयाचा झटका समजून लगेच दवाखान्यात हलायचं. खांदा गरम, लाल आणि सोबत ताप असेल, तर सांध्यात पू झालेला असू शकतो, त्याला दिवस घालवून चालत नाही. पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. आणि झटका देऊन खांदा ‘बसवून’ देणाऱ्याकडे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नका. म्हातारपणी ठिसूळ झालेलं हाड अशा झटक्यानं मोडतं.

आपल्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात, आणि बहुतेकांच्या पिशवीत खांद्याचा समोरून काढलेला एकच फोटो असतो. सांध्यातली जागा नीट दिसायला तेवढा पुरत नाही. एक फोटो अंग थोडं वळवून सांध्याच्या रेषेत घ्यावा लागतो आणि दुसरा काखेच्या बाजूनं. ‘हे दोन्ही फोटो काढायचे का?’ असं विचारायला संकोच करू नका. बहुतेक संधिवात या दोन फोटोंवर कळतो. शिरांची शंका असेल, सुरुवातीचा रक्तपुरवठ्याचा प्रश्न असेल तरच एमआरआयचा खर्च करावा, असं माझं मत आहे. आणि जुने फोटो टाकू नका. दोन वर्षांत किती फरक पडला हे त्यांच्यावरूनच समजतं.

औषधांचं थोडक्यात. झिजलेल्या सांध्याला कोणतीही गोळी पूर्ववत करत नाही, ती दुखणं कमी करते, आणि तेवढंही पुष्कळ असतं. आधी पॅरासिटामॉल आणि वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं मलम वापरून पाहावं. पोटात घ्यायच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या आणि डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्याव्यात. जठराला जखम, रक्तदाब वाढणं आणि मूत्रपिंडाला इजा हे त्यांचे ठरलेले धोके आहेत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात राबणारा माणूस घामानं कोरडा पडलेला असतो, आणि त्याच अवस्थेत मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो. मूत्रपिंडाला याहून वाईट काही नाही. उन्हाळ्यात या गोळ्या शक्यतो टाळा, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

बाजारातली बिननावाची पुडी दोन दिवसांत चमत्कार करत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. महिनोन्‌महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि वर सांगितल्याप्रमाणे हाडाचं डोकंच मरतं. ती अचानक बंद करणंही धोक्याचं असतं. म्हणून पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती दिवस घेतली ते खरं सांगा.

सांध्यात देण्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट आहे. निदान पक्कं झाल्यावर आणि स्वच्छतेनं दिलं, तर काही आठवडे ते दोन-तीन महिने आराम पडतो. पण वर्षाला तीन-चारच्या वर ते घेऊ नये. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, तेव्हा रोज तपासावी. आणि सांधा बदलायचं ठरत असेल, तर शस्त्रक्रियेआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन नको, संसर्गाचा धोका वाढतो.

आता सर्वांत महत्त्वाचं, रोजचं काम. ‘हाताला आराम द्या’ हा सल्ला शेतात राबणाऱ्या घरात कोणालाच परवडत नाही. काम बंद करण्याऐवजी काम करायची तऱ्हा बदलावी लागते. खांद्याला सर्वांत जड जातो अंगापासून लांब आणि खांद्याच्या रेषेच्या वर असलेला हात. कोपर बरगडीजवळ असेल, तर तेच वजन निम्म्या त्रासात उचललं जातं. कापूस वेचताना ओटी कमरेला बांधलेली असावी, खांद्याला लटकवलेली नको. झाडाच्या जवळ उभं राहून, दोन्ही हातांनी आलटून पालटून वेचावं. भरलेल्या गाठोड्याला एकट्यानं झटका देऊन ते डोक्यावर घेण्याऐवजी दोघांनी उचलावं. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप दुखऱ्या खांद्याला दुहेरी मार देतो, वर पट्टा आणि बाजूला दांडा. पंप अर्धाच भरा, बॅटरीचा असेल तर तोच वापरा आणि पाठीवर चढवताना तो ओट्यावर ठेवून पट्ट्यात शिरा. नवीन पंप घ्यायला पैसे काढायची वेळ आली, तर खांद्यासाठी तो खर्च योग्य आहे.

स्वयंपाकघराकडे बायका स्वतःही दुर्लक्ष करतात. खापरावरचे मांडे करणारीचे दोन्ही हात अंगापासून लांब, खांद्याच्या उंचीला असतात आणि दर मांड्याला तेच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घरभर माणसं, आणि पुरणाचा सगळा घाणा एकीच्याच खांद्यावर. खांदा झिजलेला असेल तर मांडे हातावर फिरवायचं काम दुसरीला द्यावं, आपण पुरण वाटून आणि बसून लाटून द्यावं. यात कमीपणा काही नाही. रोजच्या वापरातले डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीला आणा. एक मोठा हंडा उचलण्यापेक्षा दोन लहान कळशा बऱ्या. ब्लाउज पुढून हुकाचा शिवा. कपडा घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा. झोपताना उताणं झोपून कोपराखाली घडी घातलेली गोधडी ठेवा, किंवा चांगल्या कुशीवर होऊन दुखरा हात उशीवर टेकवा. एवढ्या एका बदलानं रात्रीची झोप परत मिळालेली माणसं आहेत.

व्यायाम रोज दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं पुरे. सकाळी सांधा ताठर असतो, तेव्हा आधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकावं. चांगला हात ओट्यावर टेकून कमरेत वाका आणि दुखरा हात सैल लोंबू द्या. अंग किंचित हलवून त्याला मिनिटभर झुलू द्या. मग खाटेवर उताणं पडा, कोपर अंगाला लावून त्याखाली टॉवेलची घडी ठेवा, दोन्ही हातांत काठी आडवी धरा आणि चांगल्या हातानं ढकलत दुखरा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. दुखायला लागलं की तिथे थांबा. उभं राहून दोन्ही फरे मागे एकमेकांकडे ओढा, पाच अंक मोजा, सोडा, असं दहा वेळा. शेवटी कोपर काटकोनात ठेवून पंजाची मागची बाजू दाराच्या चौकटीवर हलकेच दाबा. यात हात हलत नाही, पण स्नायू तयार होतात. व्यायामानंतरचं दुखणं तास-दोन तासांत ओसरलं तर प्रमाण बरोबर आहे. रात्री जागवलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. हाडाला हाड घासत असताना जोर लावून हात वर नेण्यात काही मिळत नाही. फ्रोझन शोल्डरमध्ये ताणण्याला अधिक जागा आहे, संधिवातात ती मर्यादित आहे.

एवढं सहा महिने मनापासून करूनही झोप येत नसेल आणि स्वतःच्या हातानं घास घेणं, अंग धुणं जड जात असेल, तर सांधा बदलायचा विचार करावा. शिरांचा पट्टा शाबूत असेल, तर मूळ रचनेचाच कृत्रिम सांधा बसवतात. तो फाटलेला असेल, तर उलटा सांधा: चेंडू फऱ्याच्या बाजूला आणि वाटी दंडाच्या बाजूला, म्हणजे खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटाच हात उचलू शकतो. आजचा उलटा सांधा फ्रान्समधल्या पॉल ग्रामाँ यांच्या १९८५च्या रचनेतून आला. बसवलेल्या दहा सांध्यांपैकी साधारण नऊ दहा वर्षांनंतरही टिकलेले असतात. दुखणं बहुतेकांचं जातं, ही भक्कम बाजू. हात पूर्वीसारखा वर जाईलच असं नाही, आणि पोती उचलण्याचं काम पुन्हा करायचं नसतं. ज्याचं पोट पोती उचलण्यावर आहे, त्यानं हे आधी समजून घ्यावं.

शल्यविशारदांना स्पष्ट विचारा: तुम्ही वर्षाला किती खांदे बदलता? गुडघे नव्हे, खांदे. पहिल्या तपासणीसाठी धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे, जळगावलाही शासकीय महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेसाठी मात्र नाशिक, संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागू शकते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा, नंतर नव्हे. साखर आटोक्यात आणा, तंबाखू-विडी सोडा, किडलेले दात आणि अंगावरची गळवं आधी बरी करून घ्या. नव्या सांध्याचा सर्वांत मोठा शत्रू जंतुसंसर्ग आहे.

वेळेचाही हिशोब करा. कापसाची वेचणी आटोपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली, तर हाताची चार ते सहा आठवड्यांची झोळी आणि त्यापुढचे व्यायामाचे महिने खरीप पेरणीच्या आत बरेचसे पार पडतात. ते व्यायाम मोठ्या शहरात दर आठवड्याला जाऊन होणार नाहीत, भाडं परवडत नाही आणि मग ते सुटतातच. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी चाळीसगावातच फिजिओथेरपिस्ट ठरवा. कोणत्या आठवड्यात हात कुठवर न्यायचा, हे शल्यविशारदांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरी जायच्या आधी तो कागद फोनवर फिजिओथेरपिस्टना पाठवून द्या.